बेटाच्या किनाऱ्याचं सौंदर्य मोजायचं कसं? लातूरहून विचारतेय, लघुप्रबंधासाठी

औशाची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी एम.ए. भूगोल दुसऱ्या वर्षाला आहे, लघुप्रबंधाचा विषय घेतलाय बेटांच्या किनाऱ्याचं दृश्य सौंदर्य मोजणं आणि त्यावरून तिथलं व्यवस्थापन कसं करावं. जागा ठरलीय मालवणसमोरचं कुरटे बेट, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला ज्याच्यावर आहे ते, आणि समोरचा मालवणचा किनारा. पद्धत ती २६ निकषांची, एर्गिन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली, १८ निकष निसर्गाचे, ८ माणसाचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण.

अडचण अशी की ऑक्टोबरमध्ये एकदा जाऊन आले, तक्ता भरायला बसले तर सगळीकडं ४ न् ५ च पडायलेत. मी औसा तालुक्यातली, २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तवा मी सातवीत होते, टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली पोरगी मी, मला एवढं पाणी एकदम दिसलं की ते गढूळ आहे का निळं आहे हे बघायचं भानच ऱ्हात नाही. माझ्यासोबत देवगडची मैत्रीण होती, तिनं त्याच जागेला २ न् ३ दिले. मग खरं कुणाचं धरायचं? माझे मार्गदर्शक सर म्हणतात व्यक्तिनिष्ठता कमी कर, पण कशी कमी करायची ते कळंना.

आणि दुसरं, बेटाला चारी बाजूंनी तटबंदी आहे. मग हा किनारा नैसर्गिक धरायचा का बांधलेला? बांधकाम म्हणून गुण कापायचे का? कुणी हे काम केलं असंल तर प्लीज सांगा.

गोदाकाठ_नांदेड

अगं बाळ, तू आकड्यापासून सुरुवात करायलीस म्हणून घोळ होतोय. या तक्त्यात आकडा आधी द्यायचाच नसतो, प्रत्येक आकड्यासमोर वर्णन लिहिलेलं असतं, आपण फक्त वर्णन निवडायचं आणि आकडा आपोआप पडतो. पाण्याचंच घे. गढूळ तपकिरी किंवा करडं असंल तर १, दुधाळ अपारदर्शक असंल तर २, आणि तळ दिसणारं स्वच्छ फिरोजी असंल तरच ५. आता तुझ्या छातीत काय झालं हा प्रश्नच उरत नाही, पाणी फिरोजी होतं का एवढंच बघायचं. कचऱ्याचं पण तसंच, भरतीच्या रेषेवर सलग कचरा, एकाच ठिकाणी साचलेला, का इकडंतिकडं दोनचार वस्तू. भरतीचं तर डोळ्यानं बघायचंच नाही, भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरपेक्षा जास्त तर १, २ मीटरपेक्षा कमी तर ५, ते भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्यायचं.

किल्ल्याचं उत्तर तक्त्यातच आहे. बांधकामाच्या निकषात जड उद्योगाला १ आहे आणि ऐतिहासिक बांधकाम किंवा बांधकामच नसणं याला ५. म्हणजे तटाचे गुण कापायचे नाहीत. पण तटाच्या आतबाहेर नंतर जे पत्रे, टपऱ्या, वायरी आल्यात त्या याच्यात झाकायच्या नाहीत, त्यांची नोंद बांधकाम आणि खांबतारांच्या निकषात वेगळी करायची. इथं बऱ्याच जणांचं चुकतं.

मैत्रिणीचे गुण खोडू नकोस. दोघींनी एकमेकींना न दाखवता तक्ते भरायचे आणि मग बसून बघायचं, जिथं दोनचा फरक आला तिथं वर्णन कुणी नीट वाचलं नाही ते सापडतं. आणि २६ आकड्यांची सरळ बेरीज करू नको बरं का, प्रत्येक निकषाला वेगळं वजन आहे, ते वजन तुर्कस्तान, ब्रिटन, माल्टा अशा ठिकाणच्या किनाऱ्यावरच्या लोकांना विचारून काढलेलं आहे. फझी लॉजिकनं, म्हणजे हो-नाहीच्या मधल्या पायऱ्या पण धरणाऱ्या गणितानं, शेवटी एक निर्देशांक येतो, ०.८५ च्या वर असंल तर पहिला वर्ग, शून्याच्या खाली गेला तर पाचवा.

आता मला यात खटकणारी गोष्ट सांगतो. ती वजनं त्यांच्याकडच्या लोकांच्या नजरेची आहेत. तू जी घागरीची गोष्ट लिहिलीस ती प्रबंधात चूक म्हणून लपवू नको, वेगळं प्रकरण कर. मालवणला कोल्हापूर, सोलापूर, आपल्या लातूर-बीडकडनं जी माणसं येतात त्यांना छोटी प्रश्नावली दे, तिथल्या मच्छीमारांना पण दे, आणि या २६ मधल्या कशाला ते किती महत्त्व देतात ते विचार. तुझा खरा शोध तिथं असंल.

बीडचा_जावई_मालवणचा

सासुरवाडी मालवण, १४ वर्षं झाली जातोय येतोय म्हणून लिहितो. ताई तुम्ही ऑक्टोबरला गेलात, पावसाळ्यातली नद्यांची गाळमाती तवा पूर्ण बसलेली नसते, डिसेंबर-जानेवारीत तेच पाणी बघा, दोन तरी गुण वाढतील. पावसाळ्यात तर होड्याच बंद असतात. म्हणून तारीख, वार, वेळ, भरती का ओहोटी हे प्रत्येक तक्त्यावर लिहाच लिहा. मंगळवारी सकाळी आठला तिथं नुसत्या लाटा ऐकू येतात आणि दिवाळीच्या सुट्टीत दुपारी त्याच जागी होड्यांची इंजिनं, स्पीकर, वॉटर स्पोर्टवाल्यांच्या हाका, आवाजाचा निकष ५ वरून कुठं येतो बघा.

अजून एक, बेट दोनदा बघा, एकदा बेटावर उभं राहून आणि एकदा होडीतून. किनाऱ्याला लागून राणीची वेळा म्हणतात ती लहानशी पुळण आहे, तिचा वेगळा तक्ता करा, बाकी तटाला लाटा थेट भिडतात तो भाग वेगळा. अख्ख्या बेटाला एकच तक्ता भरला तर सगळं सरासरीत जाईल. आणि २०२५ च्या जुलैत हा किल्ला जागतिक वारशात गेलाय, गर्दी वाढणारच, त्यामुळं तुमची आत्ताची नोंद पुढं लई कामाला येईल.

परभणीकर_८२

मला या सगळ्याची भीती वाटती, खरं सांगतो. उद्या तुम्ही लिहिलं की अमुक बेट पहिल्या वर्गात, की तोच कागद घेऊन रिसॉर्टवाला जाहिरात करणार. १९९१ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत अतिशय नैसर्गिक सौंदर्याचे प्रदेश सगळ्यात कडक वर्गात होते, २०११ च्या यादीत ते शब्द राहिले नाहीत, वारसास्थळं राहिली. २०१९ ला तर मुख्य भूमीजवळच्या बेटांना ना-विकास पट्टा फक्त २० मीटर. मग गुण मोजून सौंदर्य वाचतंय कुठं?

गोदाकाठ_नांदेड

परभणीकर, तुमची भीती बरोबर आहे आणि म्हणूनच नुसता वर्ग जाहीर करू नये असं माझं म्हणणं. बघा, १८ निकष निसर्गाचे आहेत, कड्याची उंची, वाळूचा रंग, डोंगररेषा, यात आपण काही वाढवू शकत नाही, बिघडवू मात्र शकतो. लक्षद्वीप घ्या, सगळी प्रवाळाची सपाट बेटं, कडा नाही दरी नाही, तिथं शून्य उंचीला गुण कमीच पडणार, पाणी कितीही फिरोजी असो. म्हणून ते अंदमानपेक्षा कमी मोलाचं ठरत नाही, दोघांची तुलनाच करायची नाही. व्यवस्थापनाला कामाचे आहेत ते माणसाचे ८, म्हणजे आवाज, कचरा, सांडपाणी, वाहनतळ दिसतो का, असे. मुलीनं दोन आकडे काढावेत, आजचा निर्देशांक, आणि कचरा न् आवाज दूर झाला तर किती होईल तो. ती तफावत ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला दाखवता येते. आणि जिथं निर्देशांक आधीच वर आहे तिथं शिफारस एकच लिहायची, नवा रस्ता, नवी जेटी नको.

ब्लू फ्लॅगशी, म्हणजे पुळणींना मिळणाऱ्या त्या आंतरराष्ट्रीय मानांकनाशी, गल्लत करू नका कुणी. लक्षद्वीपच्या मिनिकॉय, कदमतला २०२२ मध्ये तो मिळाला, पण त्यात पाण्याची शुद्धता, सुरक्षितता, सोयी बघतात, देखावा मोजत नाहीत.

औशाची_लेक

गोदाकाठ सर, खूप खूप आभार, वर्णन निवडायचं आकडा नाही हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. काल रात्री जुने तक्ते परत तपासले, पाण्याला मी ५ दिलेला, फोटो बघितला तर सरळ २ आहे. दाजी, डिसेंबरमध्ये मंगळवार आणि रविवार असे दोन्ही दिवस धरून जातेय, राणीच्या वेळेचा वेगळा तक्ता करते. परभणीकर दादा, १९९१ न् २०११ चा मुद्दा प्रस्तावनेतच घेते.

त्याआधी पैठणला नाथसागरावर सराव करावा म्हणतेय, भरती, पुळण हे निकष तिथं लागणार नाहीत पण कचरा, आवाज, बांधकाम यांचा हात बसेल, मधे उघडी पडलेली बेटं पण दिसतात. संभाजीनगरकडचं कुणी पुढच्या शनिवारी येईल का? तक्ते मी आणते, तिघं तरी पाहिजेत, वेगवेगळे बसून भरायला.