संमतीपत्रावर सही घ्यावी का? (बडोद्यातल्या घरोघरच्या सर्वेक्षणाबद्दल)

रावपुरेकर
बडोद्यातल्या मराठी घरांत म्हाताऱ्या आईवडिलांचं कोण बघतं, औषधपाण्याचा खर्च कोण उचलतं, राहतं घर कुणाच्या नावावर आहे, असं सर्वेक्षण करायचं झालं तर छापील संमतीपत्रावर सही घ्यावी का? माझं मत: घेऊ नये. माहितीचा कागद वाचून दाखवावा, तो घरातच ठेवून यावा, तोंडी होकार घ्यावा आणि मुलाखतकाराने तारीख-वेळ टाकून स्वतःची सही करावी.

सही म्हटली की लोकांना बँक, कोर्ट आणि मिळकत आठवते. घर कुणाच्या नावावर हे विचारायचं आणि वर सही मागायची, म्हणजे जिथे हिस्सेवाटणीवरून धुसफूस आहे ती घरं पहिल्या फटक्यात गळणार. मागे उरतील ती गुण्यागोविंदाने नांदणारी घरं, आणि आकडेही त्यांचेच येतील. शिवाय प्रश्नावलीवर नाव नसतंच, ते असतं फक्त सहीच्या कागदावर. माणसांवरच्या संशोधनाबद्दलच्या अमेरिकेच्या फेडरल नियमांत (४५ सीएफआर ४६) नेमकी ही सवलत आहे: माणसाला अभ्यासाशी जोडणारी एकमेव नोंद संमतीपत्र असेल आणि मुख्य धोका गुप्तता फुटण्याचा असेल, तर नीतिसमिती (संशोधनाला परवानगी देणारी समिती) सहीची अट माफ करू शकते.

मुनीम
सपशेल असहमत. तोंडी होकार म्हणजे मुलाखतकाराचा शब्द, आणि त्याला पैसे फॉर्ममागे मिळतात. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या अरुंद जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जायचा कंटाळा आला की ‘होकार दिला’ वर टिक मारून तो मोकळा.

आणि ‘एकमेव नोंद’ हे इथे बसतच नाही. फेरतपासणीसाठी पर्यवेक्षकाला किमान १० टक्के घरांत पुन्हा जावं लागतं, म्हणजे पत्त्यांची यादी आलीच. मग सहीच्या कागदानेच काय घोडं मारलंय? त्यावर प्रश्नावलीचा क्रमांक लिहू नका. संमतीपत्रं एका कपाटात, प्रश्नावल्या दुसऱ्या, आणि दोन्हींना जोडणारी यादी फक्त प्रमुखाकडे, पासवर्ड लावून.

रावपुरेकर
मुनीम, पत्त्यांची यादी फेरतपासणी आटोपली की पंधरा दिवसांत नष्ट करता येते. सह्यांचे कागद वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात. फरक तिथे आहे.

आणि घरी बसून फॉर्म भरणारा सहीसुद्धा घरी बसूनच करतो. त्याला पकडते फेरतपासणी आणि घड्याळ. ३५ मिनिटांची प्रश्नावली ११ मिनिटांत उरकलेली, दोन मुलाखतींमध्ये चालायलाही वेळ नाही, सलग बारा विधानांना ‘सहमत’, या खुणा बघा. (वयं ६५, ७०, ७५ अशी गोल दिसली म्हणून मात्र कुणाला चोर ठरवू नका. खरी माणसंही वय असंच सांगतात.)

चौकस
तुम्ही दोघं सहीवर भांडताय, पण मुलाखतीच्या वेळी खोलीत कोण बसलंय ते बघा. आजोबांना विचारलं, ‘औषधं वेळेवर मिळतात का?’ आणि तेवढ्यात सून चहाचा ट्रे घेऊन आली. पुढच्या दहा मिनिटांत ‘सगळं छान आहे हो, लेकीसारखी बघते’ याखेरीज काही ऐकू येणार नाही. कदाचित ते खरंही असेल, पण तुम्हाला कळायला मार्ग नाही.

यावर करण्यासारखं बरंच आहे. मुलाखतकार दोघं पाठवा: एक घरातल्यांबरोबर दुसऱ्या खोलीत कुटुंबाची यादी भरतो (नाव नाही, नातं, वय, शिक्षण, काम), दुसरा म्हाताऱ्या माणसाशी बोलतो. पैसा आणि सांभाळ यांचे प्रश्न पहिल्या दोन तृतीयांशानंतर ठेवा, पण अगदी शेवटी नको, तोवर माणूस थकतो. कुणी आत आलं तर सणवार, आहार असा एखादा बिनधोक्याचा भाग आधीच ठरवलेला असावा, तिकडे वळा. एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडा आणि रकान्यात ‘विचारलं नाही’ असा वेगळा संकेतांक टाका. तिथे ‘तक्रार नाही’ भरलं की अख्खं कोष्टक खोटं पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराचा भाग घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, आणि एकांत नसेल तर विचारतच नाहीत. तोच कित्ता गिरवावा.

आणि कुणी सांगितलंच की मुलगा मारतो, तर? ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन देऊ नका. जिवाला धोका दिसला तर काय करणार हे संमती घेतानाच सांगा. माहितीच्या कागदावर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ छापा, पण इतर चार-पाच उपयोगी नंबरांच्या मध्ये. एकटाच छापलात तर घरच्यांना कागद पाहूनच संशय येईल.

मांजलपूरवाला
घरं निवडायला एवढा खटाटोप कशाला? मराठी मंडळांकडे सभासदांच्या याद्या असतात. त्यातून काढा.

मुनीम
यादीत असतो वर्गणी भरणारा. दांडिया बाजार, वाडी इथली जुनी घरं भरपूर येतील, मकरपुऱ्याच्या कारखान्यांसाठी आलेली खानदेशी कुटुंबं फारशी येणार नाहीत.

मतदारयादीतून आडनावं वेचायची युक्तीही लोक सुचवतात. जोशी आणि देसाई गुजराती की मराठी, ओळखा बघू! शिवाय ज्यांचं मत अजून जळगाव-धुळ्याकडेच आहे ते त्यात नाहीतच.

गल्ल्या निवडून घरोघर यादी करण्याला पर्याय नाही. समजा एका भागात १,२०० घरं भरली आणि २०० हवीत, तर १ ते ६ मधला आकडा चिठ्ठीने काढा, तिथून दर सहावं घर. कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, त्यातली एक रविवारी. शेजारचं घर घ्यायचं नाही. दिवसा दार उघडं असणारी घरं वेगळी असतात, आणि आपला विषयच दिवसा घरात कोण असतं हा आहे.

संख्येचंही बघा. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मर्यादा म्हणून सगळे ३८४ पाठ म्हणतात. ते साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी, म्हणजे अख्ख्या शहरातून एकेक घर चिठ्ठीने काढलं तर. एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात. ते साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ धरलं आणि गल्लीमागे २० घरं घेतली तर ३८४ ला १ + (२० − १) × ०.०५ म्हणजे १.९५ ने गुणा: सुमारे ७५०. गल्लीमागे १० च घेतली तर १.४५, म्हणजे साधारण ५६०. गल्ल्या वाढवा, घरं आपोआप कमी लागतात.

चौकस
मुनीम, यादी करताना कुटुंब कशाला म्हणणार? जनगणनेसारखं ‘एक चूल’ धरलं तर वरच्या मजल्यावर वेगळं जेवणारा पण आईचं सगळं बिल भरणारा मुलगा निसटतो. एम. एन. श्रीनिवासांनी १९५१ साली इथल्या विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, त्याच विभागातले आय. पी. देसाई सौराष्ट्रातल्या महुवा गावच्या कुटुंबांच्या अभ्यासात हेच दाखवून गेले: चूल वेगळी झाली तरी मिळकत, पैसा आणि जबाबदाऱ्या एकत्र राहू शकतात. म्हणून चूल, मिळकत, दरमहा मदत, तिन्ही वेगवेगळं विचारा.

मुनीम
हे मान्य. सहीवर मात्र मी ठाम आहे. फार तर सहीऐवजी होकाराचं ध्वनिमुद्रण चालेल.

रावपुरेकर
ध्वनिमुद्रण तर आणखी वाईट. वाडीतल्या कुणालाही चार वाक्यं ऐकवा, आवाज कुणाचा ते लगेच सांगेल. आपला समाज इथे एवढासा, नाव गाळूनही माणूस ओळखू येतो. अहवालात ‘निवृत्त प्राध्यापक, दोन्ही मुली परदेशी, सुरसागरजवळ’ लिहिलंत की झालं. वय पाच वर्षांच्या गटात, भाग ‘जुनं शहर’ आणि ‘बाहेरचं शहर’ एवढाच, आणि कोष्टकाच्या कुठल्याही रकान्यात पाचापेक्षा कमी घरं असतील तर रकाने एकत्र करा.

चौकस
सहीने नकार वाढतात की नाही, हे मोजूनच बघा ना. नकार १० टक्क्यांवरून २५ वर जातो का हे नीट दिसायला दर गटात सुमारे १०० घरं लागतील. ३० घरांच्या प्रायोगिक फेरीत काही कळणार नाही. दोन्ही पद्धतींना समितीची परवानगी आधी घ्यावी लागेल.

मुनीम
मग वेगळी २०० घरं नकोत, खर्च परवडणार नाही. मुख्य नमुन्यातल्याच पहिल्या २०० घरांना चिठ्ठ्या टाकून सही की तोंडी ते ठरवा. चिठ्ठी पर्यवेक्षकाने कार्यालयात काढायची, मुलाखतकाराने दारात नाही. नाहीतर जिथे कपाळावर आठी दिसेल तिथे तो तोंडीच घेणार.