सेंट हेलेनाचा पहिला रहिवासी गोव्याहून गेला होता का?

कंदील: मुलीच्या पुस्तकात नेपोलियनचं सेंट हेलेना आलं म्हणून नकाशा उघडला, तर भर अटलांटिकमध्ये नुसता ठिपका. आफ्रिकेचा किनाराही सुमारे १९०० किलोमीटर! इंग्रजांना असलं बेट हवं कशाला होतं? आणि तिथे पहिला माणूस गोव्याहून गेला, असं आमचे एक मित्र सांगतात. थापच ना?

निवृत्त खलाशी: थाप नाही. माझं आजोळ गोव्यातल्या बाणस्तारीचं. तिथल्या किल्ल्याला १५१२ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं वेढा घातला. आत आदिलशाहीचा रसूलखान आणि त्याला जाऊन मिळालेले काही पोर्तुगीज. त्यांच्या जिवाला धक्का लावायचा नाही, या अटीवर रसूलखानानं किल्ला सोडला. अल्बुकर्कनं शब्द पाळला हो, जीव नाही घेतला. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तेवढा छाटला!

त्यातलाच एक फर्नांव लोपिश. अल्बुकर्क मेल्यावर मायदेशी निघाला. वाटेत जहाज सेंट हेलेनाला थांबलं तेव्हा उतरून झाडीत लपला. शोधून दमलेले लोक थोडी शिधासामग्री ठेवून निघून गेले. पुढे दुसऱ्या एका जहाजावरून कोंबडा पाण्यात पडला, तो यानं वाचवला. तोच सोबती. कोंबडा मागेमागे फिरायचा म्हणतात. मध्ये एकदा पोर्तुगालला आणि रोमला गेला, पोपकडून क्षमा मिळवली आणि परत तिथेच! मेलाही बेटावरच.

आता इंग्रजांचं. अंतर मोजू नका, वारा बघा. केप, म्हणजे आफ्रिकेचं दक्षिण टोक, ओलांडून युरोपकडे परतताना आग्नेयेचा वारा पाठीशी असतो आणि बेट बरोबर त्या वाटेवर येतं. जाताना मात्र जहाजं पार ब्राझीलच्या बाजूनं वळसा घालायची. म्हणजे हा थांबा परतीचा. भारतातून माल भरून निघालेल्यांना तिथे ताजं पाणी आणि भाजीपाला मिळायचा. म्हणून १६५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं तिथे ठाणं बसवलं. मी एकदाच पाहिलंय, तेही डेकवरून. चहूबाजूंनी काळे, भाजल्यासारखे कडे. हिरवं म्हणून काही दिसेना. वर माथ्यावर मात्र ढग अडकलेला. रान आत, त्या ढगाखाली.

शेवंता_७२: मग सुएझ कालवा झाल्यावर?

निवृत्त खलाशी: १८६९ नंतर वाट ओस पडली. पुढे घायपातासारख्या एका झाडाच्या तंतूवर बेटाचं पोट चाललं, तो धंदाही १९६६ मध्ये बसला.

कंदील: आणि आता विमानं जातात ना?

निवृत्त खलाशी: जातात. २०१६ मध्ये धावपट्टी तयार झाली, पण तिथला वारा असा उलटसुलट की नियमित विमान यायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. पुन्हा वाराच आडवा आला बघा. मुलीला सांगा, नेपोलियनच्या थडग्यावर नाव नव्हतं. काय कोरायचं यावरून इंग्रज आणि फ्रेंच भांडत बसले, दगड कोराच राहिला.