कोलिस्टिन अँटिबायोटिक: डिस्क आणि स्ट्रिप म्हणतात सेन्सिटिव्ह, ब्रॉथमध्ये एमआयसी ८. चुकलं कुठे?

मराठवाडा_मायक्रो
नमस्कार. तालुक्याच्या गावी माझी छोटी लॅब आहे, जवळच्या दोन हॉस्पिटलांची कल्चर माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात आयसीयूतल्या एका पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेब्सिएला हा जंतू वाढला. मेरोपेनेम या अँटिबायोटिकला झोनच नाही, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेली मोकळी जागाच नाही. डॉक्टरांनी कोलिस्टिनचं विचारलं. डिस्क (औषधाची कागदी चकती) लावली, झोन १४ मिमी. मनाची खात्री व्हावी म्हणून स्ट्रिपही (औषधाचं प्रमाण चढत जाणारी, आकड्यांच्या खुणांची पट्टी) लावली, तर लंबगोल बरोबर १ च्या खुणेपाशी मिळाला. 'सेन्सिटिव्ह' लिहून सही केली.

तीन दिवस कोलिस्टिन चाललं, ताप हटेना. तोच स्ट्रेन पुण्याच्या एका मोठ्या लॅबला पाठवला. ब्रॉथ मायक्रोडायल्युशनने, म्हणजे द्रव ब्रॉथमध्ये औषधाची वेगवेगळी प्रमाणं घेऊन, एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली आली. औषध बदललं, पेशंट घरी गेला. पण ते तीन दिवस माझ्या सहीवर गेले, हे डोक्यातून जात नाही.

आगरची जाडी ४ मिमी होती, इनॉक्युलम (लावलेलं जंतूंचं मिश्रण) ०.५ मॅकफारलँड इतकं गढूळ, कंट्रोल स्ट्रेन (ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं) रेंजमध्ये. मग चुकलं कुठे? आणि असे स्ट्रेन महिन्याला दोन-तीनच येतात, त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्युशनचे तयार पॅनेल मागवले तर डब्यातच एक्सपायर होतात. लहान लॅबने करायचं काय?

बेंच_नं_३
ताई, आमच्याकडे ऑटोमेटेड मशीन आहे, तेही एकदा असंच फसलं. ≤०.५ छापून आलं आणि ब्रॉथमध्ये तोच स्ट्रेन रेझिस्टंट निघाला. तेव्हापासून कोलिस्टिनचा आकडा मशीनवरून सोडत नाही.

जुना_मास्तर
मॅडम, तुमचा हात चुकलेला नाही, पद्धतच या औषधाला चालत नाही. डिस्क असो की स्ट्रिप, औषधाने आगरमधून पसरत जायला हवं. कोलिस्टिन हा मोठा, धन प्रभाराचा पॉलिपेप्टाइड. तो आगरमध्ये जेमतेम सरकतो. त्यामुळे सेन्सिटिव्ह आणि रेझिस्टंट स्ट्रेनच्या झोनमध्ये दोन-तीन मिलिमीटरचाच फरक राहतो. त्यात १४ चा अर्थ लावणार कसा? स्ट्रिपचंही तेच, ती एमआयसी खरीपेक्षा कमी दाखवते. रेझिस्टंटला सेन्सिटिव्ह म्हणणं ही आपल्या कामातली सगळ्यात घातक चूक, आणि इथे ती नेमकी तशीच होते. म्हणून २०१६ मध्ये सीएलएसआय आणि युकास्ट (अशा चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संस्था) दोघांनी मिळून सांगितलं की कोलिस्टिनची संदर्भ पद्धत ब्रॉथ मायक्रोडायल्युशन. कोलिस्टिनचं सल्फेट मीठच वापरायचं, इंजेक्शनमधलं मिथेनसल्फोनेट नाही. ते स्वतः निष्क्रिय असतं, ब्रॉथमध्ये त्याचं हळूहळू विघटन होतं.

लहान लॅबसाठी ब्रॉथ डिस्क एल्युशन करा, म्हणजे डिस्कमधलं औषध ब्रॉथमध्ये उतरवायचं. सीएलएसआयने मान्य केलेली पद्धत आहे, आणि डिस्क तुमच्याकडे आहेतच. कॅटायन-अॅडजस्टेड (कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरावीक प्रमाणात असलेला) म्युलर-हिंटन ब्रॉथ, १० मिलीच्या चार ट्यूब, काचेच्या. प्लॅस्टिकला कोलिस्टिन चिकटतं. १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क टाका: पहिलीत एकही नाही, मग एक, दोन, चार. झाले ०, १, २, ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली. अर्धा तास तशाच ठेवा, औषध उतरू दे. मग ०.५ मॅकफारलँडचे ५० मायक्रोलिटर प्रत्येकीत, सावकाश हलवा, झाकण किंचित सैल, ३३ ते ३५ अंशांवर १६ ते २० तास. ब्रॉथ कॅटायन-अॅडजस्टेडच हवा हे पुन्हा सांगतो, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी-जास्त झालं की कोलिस्टिनची एमआयसी हलते.

स्युडोमोनास २७८५३ या स्ट्रेनचा कंट्रोल तर लावाच, सोबत एमसीआर-१ (कोलिस्टिनला रेझिस्टन्स देणारा जनुक) असलेला ई. कोलायही ठेवा, नुसत्या सेन्सिटिव्ह कंट्रोलवर ही चूक पकडली जात नाही. अॅसिनेटोबॅक्टरला ही पद्धत लावू नका, तो बाहेर पाठवा. प्रोटियस, सेराशिया मुळातच रेझिस्टंट, त्यांना लावायचा प्रश्नच नाही.

आयसीयू_नाईट
डॉक्टर म्हणून एक सांगते. सीएलएसआयने २०२० पासून कोलिस्टिनचा 'सेन्सिटिव्ह' हा वर्गच काढलाय. एमआयसी २ किंवा कमी आली तरी 'इंटरमीजिएट', ४ किंवा जास्त रेझिस्टंट. रिपोर्टवर आकडा लिहा आणि पद्धतही लिहा. आम्ही रात्री दोनला तो कागद वाचतो, आणि फक्त 'एस' दिसला की दुसरा विचार न करता औषध चालू करतो.

मराठवाडा_मायक्रो
सर, काल ताजा ब्रॉथ बनवून तोच जपून ठेवलेला क्लेब्सिएला लावला. आज सकाळी ट्यूब एकेक करून काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरल्या. बिनडिस्कची गढूळ, एकची गढूळ, दोनची गढूळ. चारच्या ट्यूबमध्ये तळाला चार पांढऱ्या डिस्क आणि वर तसाच गढूळ ब्रॉथ, कार्डावरच्या रेघा दिसेनात. म्हणजे ४ च्या वर. शेजारच्या स्टँडवर कंट्रोलच्या ट्यूब जशा हव्या तशा.

एका स्ट्रेनला सात डिस्क आणि ४० मिली ब्रॉथ, एवढं मला परवडतं. कोलिस्टिनच्या डिस्कची ओळ रिपोर्टच्या फॉर्मवरून काढली. दोन्ही हॉस्पिटलांना आज फोन करून सांगणार आहे की गेल्या वर्षभरातले माझे कोलिस्टिनचे 'एस' धरू नका. जे स्ट्रेन फ्रीझरमध्ये आहेत, ते उद्यापासून एकेक बाहेर काढते.