चतुर्दशीचं पान: युद्धातून न परतलेल्यांच्या घरगुती आठवणी

पितृपक्षातली चतुर्दशी कॅलेंडरात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' म्हणून बारीक अक्षरात छापलेली असते. बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून थेट सर्वपित्रीवर जाते. आमच्या रामबागेतल्या घरी मात्र पंधरवड्यातला मोठा दिवस हाच. शस्त्राने गेलेल्याची तिथी कोणतीही असो, त्याचं श्राद्ध या चौदशीला. आमच्याकडे ते थोरल्या मामाचं.

मामा फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दलात होता. जबलपूरला ट्रेनिंग, मग पश्चिम सीमेवर तारा टाकायच्या कामावर. डिसेंबर 1971 मध्ये गेला, 22 वर्षांचा. 17 तारखेला रात्री तिकडची लढाई थांबली, इंदुरात लोकांनी पेढे वाटले, आमच्या आजोबांनीही वाटले. तार 21ला आली.

तेव्हा देह घरी पाठवत नसत, तिकडेच अग्नी द्यायचे. दोनेक महिन्यांनी आली ती काळी ट्रंक. तिच्यात आजीने विणलेल्या मोज्यांचा जोड होता आणि त्यातल्या एकाची टाच हिरव्या दोऱ्याने रफू केलेली. किती नीट, तर आतून हात फिरवला तरी गाठ लागू नये. आजी तो मोजा घेऊन दिवसचे दिवस बसायची. "याला साधं बटण लावता येत नव्हतं. मग हे कोणी केलं?" तिथे आपल्या पोराचं कोणीतरी होतं, एवढं तिने धरून ठेवलं होतं.

बापाने लेकाचं श्राद्ध करायचं नसतं, म्हणून धाकटा मामा बसायचा. खीर, वडे, गवार, आमसुलाची चटणी, सगळं रीतसर. आणि गुरुजींची पाठ वळली की आजी पानाच्या कडेला चिमूटभर लवंगेची शेव ठेवायची. इंदूरचं पोर, त्याला शेवेशिवाय घास उतरायचा नाही. गुरुजींना ते दर वर्षी दिसायचं. कधी बोलले नाहीत.

आजी गेली, आता पान आम्ही वाढतो. तुमच्याकडेही असा कोणी असेल तर या ऑनलाइन धाग्यात खाली लिहा. पराक्रम नको, ते पाटीवर असतात. काय खायचा, कशावर चिडायचा, कोणाचे पैसे द्यायचे राहून गेले, ते सांगा. नाव नाही दिलंत तरी चालेल.

*

महू, मेन स्ट्रीटच्या मागची गल्ली

आमच्या महूत इन्फंट्री स्कूल आहे. नव्याने कमिशन मिळालेली पोरं 'वायओ'ला, म्हणजे यंग ऑफिसर्स कोर्सला, इथे काही महिने येतात. 1998 साली कॅप्टन विक्रम बत्रा याच कोर्सला इथे होते (तेव्हा लेफ्टनंट). पुढच्या वर्षी 7 जुलैला कारगिलच्या लढाईत पॉइंट 4875 या शिखरावर गेले, वय 24. परमवीरचक्र मिळालं. तेव्हापासून आम्हाला सगळे विचारतात, तुम्ही बत्राला पाहिलं होतं का? पाहिलं असेलही. ओळखणार कसं? बाजारात फिरणारी सगळी त्याच वयाची, सगळ्यांची हजामत एकसारखी.

पण आमच्याकडे एक यायचा, भाच्याचा मित्र, सातारकडचा. पहिल्यांदा आला तो मेसच्या राजम्याला कंटाळून. "काकू, नुसतं वरण-भात-तूप घाला." नंतर विचारायचंच सोडलं, सरळ स्वयंपाकघरात यायचा.

24 एप्रिल 1998. शारजाची फायनल, सचिनचा वाढदिवस आणि त्याच दिवशी त्याचे 134. हा कसा परवानगी काढून आला देव जाणे. शतक झालं तसा सोफ्यावर उभा राहिला आणि उडी मारली. सोफ्याचा पाय मोडला. यजमानांनी खाली वीट घातली. "पगार झाला की सुतार आणतो काका," म्हणाला. पगार झाला, पण आणला नाही, विसरलाच.

पुढच्या उन्हाळ्यात टीव्हीवर रोज द्रास, रोज बटालिक. त्याचं कळलं ते भाच्याच्या फोनवरून. या वेळी देह घरोघरी पाठवत होते, साताऱ्याला खूप गर्दी झाली म्हणे. आम्ही गेलो नाही. आम्ही त्याचे कोण, काय म्हणून जायचं?

सोफ्याचं कापड दोनदा बदललं. वीट तीच आहे. सून म्हणते पाय बसवून घेऊ. घेऊ, म्हणते मी.

*

महू, आता भोपाळ

माझे काका महार रेजिमेंटचे. सेंटर आपल्याकडेच, सागरला. आमच्या गावात फौजेत जाणं म्हणजे बाबासाहेबांच्या घराशी नातं सांगण्यासारखं. त्यांचे वडील रामजी सुभेदार, आणि 1891चा जन्म इथल्याच छावणीतला.

काका श्रीलंकेत गेले, 1987 मध्ये. तिकडे आपले अकराशेच्या वर जवान पडले, पण त्याला युद्ध म्हणायलाच कोणी तयार नव्हतं. शांतिसेना म्हणायचे. शाळेत मास्तरांनी मला विचारलं होतं, "लंकेत? तिथे कुठे लढाई झाली?" मी घरी येऊन वडिलांना तेच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

2019च्या फेब्रुवारीत दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय समर स्मारक झालं. 1947 नंतरच्या सगळ्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत, सुरुवातीलाच 25,942 होती. आम्ही त्याच वर्षी गेलो. गोल गोल भिंती, उन्हात डोळे दिपत होते, काकांचं नाव सापडेना. सापडल्यावर आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा पुसला, फोन डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय. शाळेच्या दाखल्यावर चुकवलं होतं."

*

इंदूर, सुदामानगर

एक तक्रार लिहितो, धाग्यात बसत नसेल तर सोडून द्या. आमच्या मोठ्या भावाच्या नावाने एक चौक आहे. वर्षातून एकदा हार, माइक, आणि भाषण करणाऱ्याला आदल्या रात्री कोणीतरी नाव सांगितलेलं असतं. एका वर्षी त्यांनी त्याला भलत्याच लढाईत पाठवलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी येताना म्हणाली, "निदान तिथे तरी थंडी नव्हती."

आणखी एक. 'शहीद', 'शहीद' सगळे म्हणतात, पण सैन्याच्या कागदावर तो शब्दच नाही. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं. मला तो कोरडा शब्दच बरा वाटतो. निदान त्याला माईक लागत नाही, भिया.

*

इंदूर, कुठला मोहल्ला ते नाही सांगत

आमच्या घरी भिंतीवर दोन फोटो. एक बाबांचा, एक फौजी टोपीतल्या माणसाचा. मोठं होईपर्यंत मला तो काकाच वाटायचा. तो आईचा पहिला नवरा. लग्नाला 7 महिने झाले होते, त्यातले 40 दिवस तो घरी. 1971.

आईने 1974 मध्ये बाबांशी लग्न केलं आणि पेन्शन बंद झालं. दिराशी केलं असतं तर चालू राहिलं असतं, तेव्हा नियमच तसा होता. दीर होता 14 वर्षांचा! शौर्यपदकाच्या भत्त्यालाही हीच दिराची अट होती. ती निघायला 2017 उजाडलं.

दर चौदशीला श्राद्धाला बाबा बसायचे. एका वर्षी गुरुजी नवे होते, त्यांनी गोत्र विचारलं, बाबांनी त्याचं सांगितलं. गुरुजी अडले: आपलं गोत्र वेगळं, मग संबंध काय? बाबा म्हणाले, "घरचाच आहे. तुम्ही चालू करा."

आई आतून ऐकत होती. त्या दिवशी वडे करपले आमचे.

*

इंदूर, राजवाड्याजवळ

फार जुनी गोष्ट आहे, पण इंदूरच्या धाग्यात खंडेराव नको का? मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा, मार्च 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेला. तिशीचा. अहिल्याबाई सती निघाल्या होत्या, सासऱ्यांनी थांबवलं, हे सगळ्यांना पाठ. त्याची छत्री, म्हणजे समाधी, मात्र तिकडे भरतपूरकडे, शेतांच्या मधे. मी बघून आलो. माझ्याबरोबरच्या इंदूरच्या चौघांपैकी तिघांना ती कोणाची हे दारात उभं राहून सांगावं लागलं.

(धागाकर्ती: बसतं, का नाही बसणार.)

*

इंदूर, निवृत्त, फौजेतला कारकून

मी बाहेर फार लिहीत नाही. मुलीने धागा दाखवला म्हणून लिहितो.

71ला मी युनिटच्या ऑफिसात होतो. गेलेल्या जवानाचं सामान घरी पाठवायचं तर आधी यादी होते. दोन-तीन जण बसतात, एक एक वस्तू बोलायची, एकाने लिहायची. कंगवा एक. बनियन तीन. गणपतीची तसबीर एक. सही. हे काम मी बऱ्याच वेळा केलं, किती ते सांगत नाही. यादी लिहायच्या आधी आम्ही काही गोष्टी बाजूला काढायचो. सिगारेटी, पत्ते, घरच्यांना माहीत नसलेल्या एखाद्या मुलीची पत्रं. पत्रं जाळून टाकायचो. सिगारेटी आम्हीच ओढायचो, खोटं कशाला बोलू. आईच्या हाती पोरगं चांगलं पोचावं, एवढंच मनात असायचं. ते बरोबर होतं की नाही, अजून कळत नाही.

ताई, तुमच्या मोज्याचं सांगतो. ते दुसऱ्या कोणी केलेलं नसणार. किटमध्ये सुईदोऱ्याची एक छोटी पुरचुंडी मिळते, तिला 'हाऊसवाइफ' म्हणतात, आणि रफू करायला रंगरूट असतानाच शिकतो. न शिकून सांगतो कोणाला, इन्स्पेक्शनला उस्ताद मोजे बघतो. आम्ही सगळेच रफू करायचो. घरी सुट्टीवर गेलं की मात्र बटणसुद्धा आईकडे द्यायचं.

*

धागाकर्ती

काकासाहेब, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती मामाची पाठची बहीण, तेव्हा 17ची होती. मोज्याचं ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आईला हे कळायला हवं होतं." मग पुन्हा म्हणाली, "नको. बरं झालं नाही कळलं."

आणि सिगारेटींचं म्हणाल, तर ट्रंकेत नव्हत्या, तुमच्यासारख्याच कोणीतरी काढल्या असतील. पण आई सांगते, तो कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागे नदीकडेला उभा राहून ओढायचा, आणि घरी यायच्या आधी तोंडात टाकायला बडीशेप तीच नेऊन द्यायची.