विज्ञान कादंबरी मालिकेवरून ॲक्शन ॲडव्हेंचर गेम करायचाय, मूळ कथा किती घ्यावी?

अवकाशवेडा:
मंडळी, एका लेखिकेच्या चार भागांच्या विज्ञान कादंबरी मालिकेवर आमची छोटी टीम गेम करायच्या विचारात आहे, ताईंनी तोंडी होकार दिलाय. कथा एका अवाढव्य यानात घडते, ते स्वतःभोवती फिरतं म्हणून आतल्यांना वजन जाणवतं, आणि कित्येक पिढ्या त्यातच जगतायत. नायिका देखभाल करणारी इंजिनियर. अडचण अशी की पुस्तकांची खरी मजा तिच्या डोक्यात चालणाऱ्या विचारांत आहे, मारामारी जवळजवळ नाहीच, आणि पैसे लावणारे म्हणतात ॲक्शन हवीच. उगाच शत्रू घुसडले तर वाचक चिडणार, मी पण त्यातलाच. पहिलं पुस्तक जसंच्या तसं घ्यावं आणि विचार कटसीनमधून (खेळ थांबवून मध्येच दाखवतात त्या सिनेमासारख्या तुकड्यांतून) ऐकवावेत का?

रात्रीचा_गेमर:
कटसीनचा मोह अजिबात नको. खेळणाऱ्याला कंट्रोलर खाली ठेवून भाषण ऐकायला लावलं की तो स्किप दाबतो. 'मेट्रो २०३३' बघा, दिमित्री ग्लुखोव्स्कीची कादंबरी, गेम २०१० चा. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या मेट्रोत उरलेली माणसं, वरची हवा विषारी. ही भीती गेममध्ये कुणी बोलून दाखवत नाही, मनगटावरच्या घड्याळात बघायचं की मास्कचा फिल्टर किती वेळ पुरेल, मास्कची काच तडकते, श्वास जड ऐकू यायला लागतो आणि आपणच घाईला येतो. त्यात चांगल्या प्रतीच्या गोळ्या हेच तिथलं चलन, म्हणजे अडचणीत त्या झाडल्या तर अक्षरशः पैसे उडवल्यासारखं. पुस्तकातलं जग असं हातात आलं पाहिजे. शिवाय तुम्ही कुणाला सोडून दिलं, कुणाचं बोलणं थांबून ऐकलं याची नोंद गेम गुपचूप ठेवतो आणि त्यावर शेवट बदलतो. नायिकेचा विचारी स्वभाव दाखवायला याहून चांगली जागा नाही.

पानोपानी:
मला वाटतं नायिकेलाच हात लावू नका. वाचकांच्या मनात ती पक्की बसलेली असते, खेळणाऱ्याने तिला दारावर आपटत फिरवलं की संपलं! स्टानिस्वाव लेमच्या १९६४ च्या 'द इन्व्हिन्सिबल' वर २०२३ मध्ये गेम आला त्यात यास्ना नावाची नवीनच शास्त्रज्ञ आहे, ग्रह तोच, धोका तोच, पण कादंबरीतला नायक मोकळा राहिला. जपानच्या 'पॅरासाइट ईव्ह' ने तर आणखी पुढे जाऊन १९९८ च्या गेममध्ये कादंबरीनंतरचीच गोष्ट सांगितली, ती पण न्यूयॉर्कला नेऊन. त्याच यानातला दुसरा एखादा कामगार घ्या, पुस्तकात दोन ओळींत उरकलेला एखादा अपघात घ्या आणि तो पूर्ण जगू द्या.

कागदपत्र:
बाकी सगळं नंतर, तोंडी होकारावर एक दिवसही काम करू नका. ताईंनी सिनेमाचे हक्क आधीच कुणाला दिलेत का आणि त्यात गेमचे हक्क पण गेलेत का हे पहिलं विचारा, करार करताना बऱ्याचदा दोन्ही एकत्र जातात आणि लेखकाच्या लक्षातही येत नाही. चारही भाग की एकच, पात्रं वापरायची मुभा, सीक्वेल, नवीन कथा लिहिली तर ती कुणाची, सगळं लेखी हवं. 'विचर' या गेम मालिकेची गोष्ट माहीत असेलच (ती फँटसी, पण मुद्दा तोच), मूळ पुस्तकांचे लेखक सापकोव्हस्कींनी टक्केवारीऐवजी एकरकमी पैसे घेतले, गेम तुफान चालले, मग २०१८ मध्ये त्यांनी जादा रकमेची मागणी केली आणि २०१९ मध्ये नवीन करार झाला. ताईंना टक्केवारी द्या, त्या मनापासून सोबत राहतील.

अवकाशवेडा:
नवीन पात्राचं पटलं, करारासाठी आजच वकील शोधतो. पण ॲक्शनचा प्रश्न उरतोच ना? शत्रू नाहीत तर हात कशाशी झुंजणार?

रात्रीचा_गेमर:
अहो यानाशीच! तुमच्याकडे फिरतं यान आहे, यापेक्षा भारी काय हवं. समजा त्रिज्या २५० मीटर, तर पृथ्वीएवढं वजन जाणवायला मिनिटाला साधारण १.९ फेरे लागतात. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला जवळपास ५० मीटर. आता यान फिरतंय त्याच दिशेने सेकंदाला ५ मीटरने पळालात तर वजन साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतं, उलट पळालात तर तेवढंच कमी होतं. लांब उडी मारायची असेल तर कुठल्या दिशेने धावायचं हे खेळणाऱ्याला शिकावंच लागेल. उंचावरून पाना सोडला तर तो सरळ पायाशी पडत नाही, फिरण्याच्या उलट बाजूला सरकून पडतो, म्हणजे प्रत्येक फेकीचा नेम वेगळा. शिडीने मध्याकडे चढत गेलं की वजन उतरत जातं आणि अर्ध्या वाटेवर ते निम्मंच उरतं. इथे एखादा हवेचा पाइप फुटू द्या, तो गाठायला देखभालवाल्याला अर्ध्या वजनात उड्या मारत जाऊ द्या, एकही शत्रू न आणता घाम फुटेल. आधी हेच एवढं करून बघा, रंगरंगोटी नको, साधे ठोकळे चालतील, आणि ताईंच्या हातात कंट्रोलर द्या.