विषय: डेन्व्हर ते दुरँगो, आईबाबा सोबत. सोपा रस्ता कोणता?

प्रेषक: प्रणव, ऑरोरा

नमस्कार मंडळी,

आईबाबा पुण्याहून आले आहेत, ऑक्टोबरच्या मध्यात परत जातील. त्याआधी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेसा व्हर्डे (कड्यातल्या प्राचीन घरांचं राष्ट्रीय उद्यान) दाखवायचं ठरतंय. मुक्काम दुरँगोला. आम्ही दोघं, आईबाबा आणि चार वर्षांचा मुलगा. गाडी मिनीव्हॅन.

अडचण अशी की आईला गाडी लागते. ताम्हिणी सोडा, खंबाटकीतसुद्धा लागते. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, आणि दरी दिसली की ते मागच्या सीटवर बसून ब्रेक दाबतात. मी टेक्सासहून गेल्याच वर्षी इथे कोलोरॅडोत आलो, त्यामुळे डोंगरात गाडी चालवायची सवय बेताचीच.

फोनवरचा नकाशा हायवे २८५ ने जायला सांगतो, साधारण साडेसहा तास. ऑफिसात जो तो म्हणतो, मिलियन डॉलर हायवेवरून गेला नाहीस तर काय गेलास! वेळ जास्त लागला तरी हरकत नाही, पण पोचल्यावर आई दोन दिवस आडवी पडायला नको. जाणकारांनी सांगावं.

प्रणव

---

प्रेषक: सुहासकाका, लिटलटन

प्रणव,

फार डोकं चालवू नकोस, सरळ आय-७० घे. जायला दोन लेन, यायला दोन, मध्ये दुभाजक, वळणं सगळी मोठ्या त्रिज्येची. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे, पण आत शिरल्यावर तेही जाणवत नाही. पुढे ग्लेनवूड कॅन्यन बाबांना मुद्दाम दाखव. अरुंद घळ, शेजारी कोलोरॅडो नदी, पलीकडच्या काठाने रेल्वे, आणि त्यातून चार लेनचा रस्ता काढलाय. दोन्ही दिशा जागोजाग एकावर एक चढवल्यात. १९९२ साली काम पुरं झालं. आम्ही स्थापत्यवाले तिथे गाडी हळू करतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो.

ग्रँड जंक्शनहून हायवे ५० ने माँट्रोज, पुढे ५५० ने थेट दुरँगो. झालं.

सुहासकाका

---

प्रेषक: मंजिरी, कॉलोराडो स्प्रिंग्ज

काका, आय-७० बद्दल तुमचं सगळं मान्य. पण "पुढे ५५० ने थेट" म्हणून एका ओळीत जो उरकलात, तोच मिलियन डॉलर हायवे!

प्रणव, गणपतीत भेटलोय म्हणून अरेतुरे करते. मी कामानिमित्त दुरँगोला जात-येत असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

५५० वर माँट्रोजपासून उरेपर्यंत काहीच त्रास नाही. उरेच्या चौकातून बाहेर पडलास की लगेच खडा चढ सुरू होतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला अनकंपाग्रे नदीची घळ, मध्ये दोन अरुंद लेन. पांढरी पट्टी संपली की रस्ताही संपला. बऱ्याच पट्ट्यात कठडाच नाही, कारण हिवाळ्यात नांगराच्या गाड्यांना बर्फ दरीत ढकलायचा असतो. आणि हे ऑफिसातले लोक सांगत नाहीत: उत्तरेकडून, म्हणजे उरेहून सिल्व्हर्टनकडे जाताना, तुझी लेन दरीकडची असते. दरी उजव्या खिडकीखाली, म्हणजे तिथे जो बसेल त्याच्या थेट पायाशी. बाबांना तिथे बसवणार आहेस का? दुरँगोहून उलट वर गेलं तर कातळ आपल्या हाताशी येतो आणि तोच रस्ता पुष्कळ सुसह्य वाटतो. तरी रेड माउंटन, मोलास आणि कोल बँक असे तीन पास (घाटमाथे) ओलांडावे लागतातच, तिन्ही साडेदहा हजार फुटांच्या वर. तेव्हा ५५० ला या खेपेला हात जोड.

२८५ अंतराने सगळ्यात कमी, सुमारे ३३५ मैल. रस्ता वाईट नाही. पण शहरातून बाहेर पडल्या पडल्या कॉनिफर-बेलीची वळणं लागतात, मग केनोशा पास १०,००० फूट, पुढे ट्राउट क्रीक, पाँचा आणि शेवटी वुल्फ क्रीक. तू म्हणतोस त्या आठवड्यात अ‍ॅस्पेन वृक्ष पिवळे झालेले असतात आणि शनिवार-रविवारी केनोशाला अख्खं डेन्व्हर उतरतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, फोटोसाठी मधूनच पळणारी माणसं. थांब, चाल, थांब, चाल. गाडी लागणाऱ्याला याहून वाईट काही नाही.

माझं मत: आय-२५ ने सरळ दक्षिणेला वॉल्सेनबर्ग, तिथून हायवे १६० ने पश्चिमेला अलामोसा, साउथ फोर्क, पगोसा स्प्रिंग्ज, दुरँगो. पन्नासेक मैल जास्त पडतात. पण निम्म्या वाटेत डोंगर फक्त उजवीकडे दिसत राहतात, आपण सपाटीवर. खरे घाट दोनच. पहिला ला व्हेटा, ९,४१३ फूट, इतका ऐसपैस की आईंना कळणारही नाही. मग सॅन लुईस खोरं, पोळपाटासारखं सपाट. अलामोसाला रात्रीचा मुक्काम कर. जवळच ग्रेट सँड ड्यून्स आहे, उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच वाळूच्या टेकड्या. मुलगा वाळूत लोळेल, आईबाबा खुर्च्या टाकून बसतील.

दुसरा घाट वुल्फ क्रीक, १०,८५७ फूट. तो मात्र खरा घाट आहे, त्याला टाळाटाळ नाही. साउथ फोर्कच्या बाजूने चढ नदीकाठाने हळूहळू जातो, चढणीला जादा लेन आहे, ट्रकमागे अडकायला होत नाही. माथ्यावर पाणलोटाची पाटी आहे: इकडचं पाणी रिओ ग्रांदेतून मेक्सिकोच्या आखाताकडे, तिकडचं सॅन हुआनमधून कोलोरॅडो नदीला. खरी परीक्षा त्यानंतर. पगोसाच्या बाजूचा उतार जवळजवळ ७ टक्के आणि मैलोगणती चालणारा. मध्ये एक मोठं उलटं वळण. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी रेतीचे चढ काढून ठेवलेत, त्यावरून काय ते ओळख.

तिथे करायचं एवढंच: माथ्यावरच, उतार लागायच्या आधी, गिअर खाली घे. इंजिन गुरगुरायला लागेल, लागू दे, ते बिघडत नाही. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नकोस. वेग वाढला की एकदा नीट दाब, कमी झाला की पाय पूर्ण काढ. जळका वास आला तर कडेला थांबायचं आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्यायचे, वर पाणी ओतायचं नाही. मागे रांग लागली तर पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला हो आणि जाऊ दे सगळ्यांना. खाली उतरलास की ट्रेझर फॉल्स रस्त्याला लागूनच आहे. तिथे पाय मोकळे करा. पगोसापासून दुरँगो तासाभराचा मामला.

मंजिरी

---

प्रेषक: केदार, फोर्ट कॉलिन्स

ज्ञानात थोडी भर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. डेन्व्हर ५,२८०. आपण इथे सोफ्यावर बसून आमटी-भात खातो ते महाराष्ट्राच्या माथ्यापासून जेमतेम सव्वाशे फूट खाली. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी वुल्फ क्रीक पन्नासेक फूट वरच. बाबांना हे घाट उतरल्यावर सांगा.

---

प्रेषक: वैशालीताई, डेन्व्हर

केदारच्या गमतीतला मुद्दा घ्या. पासवरून गाडीने दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाण्याने सहसा काही होत नाही. रात्री कुठल्या उंचीवर झोपता त्याने फरक पडतो. अलामोसा साडेसात हजार, दुरँगो साडेसहा हजार, दोन्ही ठीक. सिल्व्हर्टन ९,३१८ आहे, तिथलं हॉटेल कितीही गोजिरं दिसलं तरी मुक्काम नको. पाणी सारखं घोट घोट पाजा. बीपीच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि गोळ्या हँडबॅगेत ठेवा, डिकीत नको.

आईंना पुढच्या सीटवर बसवा, आणि नजर लांब रस्त्यावर. फोन हातात द्यायचाच नाही, भारतातून व्हिडिओ कॉल आला तरी. गाडी लागण्यावरची गोळी घेत असतील तर ती निघण्याआधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. ॲव्होमिनने झोप आणि तोल जाणं दोन्ही होतं, या वयात तीही विचारूनच. आलेपाक जवळ असू द्या. आणि सकाळी निघताना भरपेट पोहे नकोत. उपाशीही नको. टोस्ट, चहा बस.

वैशाली

---

प्रेषक: सुहासकाका, लिटलटन

मंजिरीचं बरोबर आहे, रस्त्यावरून नेहमी जाणाऱ्याचं ऐकावं. आमचा ५५० वर जीव आहे, पण आमच्या शेजारच्या सीटवर प्रणवची आई नसते.

एक भर. परतताना मूड बदलून आय-७० ने यायचं ठरलं, तर मॉरिसन ते डॉटसेरो पट्ट्यात १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत टायरचा नियम लागू असतो. बर्फाला चालणारे टायर तरी हवेत, नाहीतर साखळ्या गाडीत हव्यात. भाड्याची गाडी असेल तर टायरवर एम प्लस एस (चिखल-बर्फाची खूण) लिहिलंय का आणि नक्षी किती उरलीय ते पाहून घे. सप्टेंबरअखेर पासवर बर्फ पडू शकतो. निघायच्या सकाळी राज्याच्या रस्तेखात्याचं सीओट्रिप हे संकेतस्थळ उघडून वुल्फ क्रीकचा कॅमेरा बघायचा.

आणि मिलियन डॉलरची हौस असेल तर दुरँगोहून सिल्व्हर्टनला छोटी रेल्वे जाते. १८८२ पासूनचा मार्ग, तीन फुटी रूळ. आपली माथेरानची दोन फुटी. ॲनिमास नदीच्या घळीतून जाते, तिथे मोटारीचा रस्ताच नाही. बाबांना ब्रेक दाबायला वावच मिळणार नाही.

---

प्रेषक: मंजिरी, कॉलोराडो स्प्रिंग्ज

रेल्वेला माझंही मत. फक्त तिकीट काढताना दोन्ही बाजूंचं रेल्वेचंच काढ. जाताना रेल्वे आणि येताना बस असाही पर्याय देतात, रेल्वेच्या साडेतीन तासांपेक्षा वेळ वाचतो म्हणून लोक घेतात. ती बस ५५० नेच खाली येते, मोलास आणि कोल बँकवरून. आईंची अडचण होती तिथेच येईल. रेल्वेने जाताना दरी उजव्या हाताला असते, तेव्हा बाबांची जागा डावीकडे.

आणि मेसा व्हर्डेबद्दल कुणी सांगितलं नाही: दुरँगोहून तासाभरात उद्यानाच्या दारात पोचशील, पण आतला रस्ताही वळणाचा आहे, वीसेक मैल, पाऊण तास धर. आईंची गोळी त्या दिवशीही. क्लिफ पॅलेस या कड्यातल्या वस्तीच्या आत जायला तिकीट लागतं आणि शिड्या चढाव्या लागतात. आईबाबांसाठी समोरच्या कड्यावरून दिसतं तेवढं पुरे, उलट सगळं एका नजरेत येतं.

---

प्रेषक: प्रणव, ऑरोरा

सगळ्यांचे आभार. आय-२५, अलामोसाला मुक्काम, मग १६०. परतीलाही तोच रस्ता. शनिवार टाळून बुधवारी निघतोय. रेल्वेची तिकिटं दोन्ही बाजूंची काढली, बाबा डावीकडे. गाडीत मॅन्युअल मोड आहे हे काल मॅन्युअल वाचून कळलं, रविवारी लुकआउट माउंटनच्या उतारावर सराव करून येतो.

आईने मेल वाचून एकच विचारलंय: पुढे मी बसले तर यांना मागे मुलाशेजारी बसावं लागेल, मग सूचना कोण ऐकणार?

आलेपाक ऑरोरात कुणाकडे मिळेल का? दुकानातला संपलाय.

---

प्रेषक: वैशालीताई, डेन्व्हर

माझ्याकडे आहे, बहिणीने पाठवलेला. सोमवारी संध्याकाळी घेऊन जा.