मदत हवी आहे: बाबांच्या किडनीतल्या सिस्टमध्ये रक्तस्राव

नमस्कार मंडळी, आम्ही दादरला राहतो. बाबांच्या (वय ६८) डाव्या किडनीत ४ सेंटिमीटरची सिस्ट (पाण्याने भरलेली पिशवी) आहे. सोनोग्राफीत आत रक्त साचल्यासारखं दिसतंय. कुशीत दुखतं, एकदा लघवीही लालसर झाली. पडले-बिडले नाहीत, पण हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यानेच झालं असेल का? गोळी आपल्या मनाने बंद करणार नाही, ते सांगू नका.

साध्या सिस्टमध्येही रक्त उतरू शकतं, पण कधीकधी आत कॅन्सरची गाठ असते, म्हणून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला स्कॅन) करून बोस्नियाक श्रेणी (सिस्टमध्ये कॅन्सरची शक्यता किती ते सांगणारी) ठरवतात, एवढं कळलंय. पण बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.६, म्हणजे जरा जास्त आहे, त्यामुळे कॉन्ट्रास्टची काळजी वाटते. अशा वेळी तुमच्याकडे सीटी केला की एमआरआय? केईएम किंवा सायनच्या युरोलॉजी ओपीडीचा अनुभव असेल तर कृपया लिहा. आत्या मुतखड्याचा काढा सुचवतेय. तो सोडून काहीही सांगा.